आत्याची सवत

माझ्या वडिलांनी जन्मभर इतरांच्या तोंडातल्या उणिवा भरून काढल्या. स्वतःच्या घरातली एकही नाही.

ते कवळ्या करत. घरामागच्या पत्र्याच्या खोलीत फळ्यांवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले असत. वरचे वर, खालचे खाली, आणि प्रत्येकावर पेन्सिलीने घातलेला आकडा. उन्हे कलली की त्या सगळ्यांच्या सावल्या भिंतीवर एकदम आ वासत. दंतवैद्याने सांगितलेल्या दिवशी, सांगितलेल्या तोंडात, बाबांची कवळी केसाचाही फरक न पडता बसे. आणि तेच बाबा घराची भिंत रंगवायला घेत तेव्हा रंग खिडकीपाशी येऊन थबके, तो कायमचा. आमच्या जिन्याला कठडा होता, सातव्या पायरीपर्यंत. "तिथून पुढे देवाचा हात धरायचा," असे आई आल्यागेल्याला सांगे.

बाबांच्या थोरल्या बहिणीने, म्हणजे माझ्या आत्याने, त्यांचे नाव लहानपणीच 'अर्धवट' ठेवले होते. नावे ठेवण्यात आत्या कुणाला हार जाणारी नव्हती. नवऱ्याच्या गाडीला ती 'सवत' म्हणे. दोन दारांची, गोल पाठीची, शेवाळी रंगाची ती गाडी आत्या लग्न होऊन आली त्याच्याही आधीपासून त्या घरात होती. आतोबा रोज सकाळी आधी तिला पुसत, मग चहा घेत, आणि मग वेळ उरला तर आत्याकडे बघत.

अकरा वर्षांपूर्वी सवत धूर ओकू लागली. बाबा म्हणाले, "भाऊजी, आठ दिवस द्या. इंजीन म्हणजे तरी काय, जबडाच." त्यांनी आत्याच्या दारात बसून इंजीन सुटे केले, एकेक भाग रॉकेलने धुतला, बिस्किटांच्या सतरा पत्र्याच्या डब्यांत भरला, डब्यांवर आकडे घातले, आणि सतराव्या डब्याचे झाकण लावता लावता त्यांचा उत्साह संपला. आठ दिवसांचे महिने झाले, महिन्यांची वर्षे. आतोबांची एकच हौस उरली होती, नदीवरच्या पुलापर्यंत एक चक्कर. चार वर्षे ते इंजीन नसलेली गाडी रोज पुसत राहिले आणि पाचव्या वर्षी, एका सकाळी, हातात फडके असतानाच गेले. त्यानंतरही आत्या बाबांशी बोलायची थांबली नाही, ही त्यांना झालेली खरी शिक्षा.

गेल्या वर्षी एक ट्रक सवतीला सतरा डब्यांसकट आमच्या दारात उतरवून गेला. पाठोपाठ फोन वाजला. तो उचलला मी, पण आत्याचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत पोचला.

"अर्धवटाला सांग, वर्ष देते. पुढच्या वर्षी याच तारखेला सकाळी मी तुमच्याकडे येईन, मागच्या सीटवर बसेन, आणि बाराच्या आत मला माझ्या फाटकात पोचवायचं. ढकलायचं नाही, दोरी बांधायची नाही. पोचलो तर सवत तुमची. नाही पोचलो तर बाराला भंगारवाला तिथे उभा असेल."

"अगं आत्या, पण..."

"आणि माझे डबे धुऊन परत आणायचे. सतरा."

बाबा तेव्हा प्लास्टर कालवत होते. निरोप ऐकल्यावरही त्यांची कालथी वाटीत फिरत राहिली, आतले प्लास्टर दगड होऊन अडेपर्यंत. मग ती वाटी तशीच बाजूला ठेवून ते उठले आणि बाहेर जाऊन गाडीच्या काचेवर बोटाने रेघ ओढू लागले. धुळीखाली काच अजून चकचकीत होती. ती शेवटची कुणी पुसली होती हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते.

आई दारात आली. "नणंदेच्या सवतीशी माझं काही वाकडं नाही," ती म्हणाली, "पण माझी कपड्यांची तार तिच्या डोक्यावरून जाते. ओल्या चादरी टपकल्या तर कुरकुर करायची नाही. दोघांनीही."

मी त्या वेळी एक पदवी पदरात घेऊन, नोकरी शोधत असल्याचा देखावा करत घरीच होते. बाबा मला 'विदुषी' म्हणत, आणि त्यात कौतुक किती नि टोमणा किती याचे प्रमाण रोज बदले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माझ्या हातात पहिला डबा ठेवला. "विदुषी, पुस्तकांतली धूळ झटकून झाली असेल तर हिची झटक."

बाबांना गाडीतले फारसे कळत नव्हते, हे मला पहिल्याच आठवड्यात कळले. त्यांना तोंडातले कळत होते. तेव्हा त्यांनी गाडीलाच तोंड समजून कामाला सुरुवात केली. उजवे दार मिटताना कुठेतरी अडत होते. कवळी नेमकी कुठे उंच लागते हे पाहायला दातांत निळा कागद धरतात. बाबांनी तोच कागद दाराच्या फटीत धरला.

"मिटा," ते दाराला म्हणाले. मी दार लावले.

"घासा." मी दार हलवले.

"उघडा. हं. थुंकायची गरज नाही."

जिथे निळा डाग उमटला तिथे त्यांनी बारीक कानस फिरवली, पुन्हा कागद धरला, पुन्हा कानस. तेविसाव्या चाव्याला दार असे मिटले, जणू कुणी ओठावर आलेला शब्द गिळून टाकला. स्टिअरिंगच्या भेगा त्यांनी कवळीच्या गुलाबी मसाल्याने भरल्या. दुरून पाहणाऱ्याला वाटे, चाकाला हिरड्या फुटल्या आहेत. पिस्टन आम्ही दातांच्या ब्रशने घासले. ज्या भागांना खऱ्या मेकॅनिकचा हात लागत होता ते नाक्यावरचा म्हातारा मेकॅनिक करून देई, आणि परत देताना बाबांना न चुकता विचारी, "डॉक्टर, पेशंट चावत नाही ना?"

एकदा आईने पातेल्याचे झाकण उघडले. "तुम्ही माझ्या पातेल्यात अख्ख्या गावाचे जबडे उकळलेत, मी हूं की चूं केलं नाही. पण हे काय आहे?"

"व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा," बाबा म्हणाले.

"मऊ झाल्या की सांगा. पानं घेते."

आतोबांची एक वही पहिल्या डब्यात निघाली होती. गाडीला काय सोसते, काय सोसत नाही, हे त्यांनी बारीक अक्षरांत, बायकोविषयी कधी लिहिले नसते इतक्या हळुवारपणे लिहून ठेवले होते. काम करताना ती वही मोठ्याने वाचण्याचे काम माझ्याकडे होते. "थंडीत हिची घाई करू नये." "उतारावर हिला मोह आवरत नाही. पाय ब्रेकवर असावा." आणि एका पानाच्या तळाशी, एकटेच वाक्य: "टाकीला श्वास लागतो, हे विसरू नये." ते वाक्य मला इतके आवडले की मी वाचायची थांबले. लोखंडाच्या पोटात कोंडलेला श्वास, त्याची ती आर्त गरज! मी त्या ओळीखाली पेन्सिलीने दोन रेघा ओढल्या, मनातल्या मनात दाद दिली, आणि पान उलटले. बाबांना ते वाचून दाखवायचे राहूनच गेले. शिक्षणाने माणसाचे काय नुकसान होते याचा दाखला म्हणून मी हा प्रसंग आजही सांगते.

कारण दहाव्या महिन्यात बाबा पेट्रोलच्या टाकीचे झाकण हातात घेऊन माझ्यापाशी आले. पोलादी झाकण त्यांनी घासून आरसा केले होते. त्याच्या मधोमध मोहरीएवढे भोक होते.

"हे भोक कसलं गं?"

मी झाकण उजेडात धरले. भोकातून आभाळाचा एक ठिपका दिसला. "काळाने पाडलं असेल," मी म्हणाले.

"काळाने पाडलेलं भरायचं, हाच तर माझा धंदा," बाबा म्हणाले, आणि झाकण घेऊन खोलीत गेले.

त्या भोकावर त्यांनी सबंध दिवस घालवला. गुलाबी मसाला भरला, शिजवला, चाकावर घासला, आधी जाड भुकटीने, मग बारीक, मग नुसत्या कापडाने. संध्याकाळी त्यांनी माझे बोट धरून झाकणावरून फिरवले. पोलाद कुठे संपते आणि हिरडी कुठे सुरू होते, बोटाला काही कळेना. झाकणाच्या आत त्यांनी रबराची नवी चकतीही बसवली. "वारा शिरणार नाही," ते म्हणाले. वारा शिरू न देणे हे त्यांच्या कलेचे सर्वस्व होते. वरची कवळी टाळूला धरून राहते ती हवा आत शिरत नाही म्हणून. एक सुईएवढी वाट राहिली, तर भर पंगतीत दात वाटीत. त्या दिवशी त्यांच्या चेहऱ्यावर जे होते ते मी पूर्वी पाहिले नव्हते. काम पुरे झाल्याचा आनंद त्यांना घरच्या कामात पहिल्यांदाच होत होता.

अकराव्या महिन्यात इंजीन चालू झाले. आमचे अंगण वीस पावलांचे; सवत वीस पावले पुढे जाई, वीस मागे येई. पाचव्या मिनिटाला आई ओरडे, "चादरींना धुराचा वास लागतोय!" आणि बाबा किल्ली फिरवीत. तिची परीक्षा म्हणून तेवढीच झाली. सतरा डबे रिकामे झाले. बाबांनी ते स्वतः घासले, उन्हात वाळवले आणि डिकीत रचले. एकही भाग उरला नव्हता. मी दोनदा पाहिले, बाबांनी बहुधा वीसदा.

ठरल्या तारखेला सकाळी साडेदहाला आत्या आली. एक्याऐंशी वर्षांची, काठीवर रेलून, पण काठीलाच तिचा आधार वाटावा अशी. तिच्या तोंडातली कवळी बाबांनीच केलेली. ती टाळूला अशी घट्ट धरी की काढताना बाटलीचे बूच निघाल्यासारखा आवाज होई. आत्या तो आवाज हत्यारासारखा वापरी. बोलणे संपवायचे असले की ती कवळी काढून रुमालात ठेवी. मग समोरच्याने कितीही डोके आपटावे.

तिने गाडीभोवती एक फेरी मारली, काठीने टायर ठोकले, स्टिअरिंगकडे पाहिले. "ह्याला काय झालंय? गोवर?"

"भेगा भरल्यात, ताई."

"भरशील. भरण्यात तू हुशार. संपवण्याचं बघू."

आत्या मागच्या सीटवर बसल्यावर आईने खिडकीतून पाण्याची बाटली दिली. "वन्सं, राहू द्या जवळ. ओरडून ओरडून घसा कोरडा पडेल."

"कुणाचा?"

"ह्यांना कुठे ओरडता येतं!"

पावणेअकराला आम्ही निघालो. पंचवीस मिनिटांचा रस्ता. बाबा चाकामागे ताठ बसले होते. सवत रस्त्याला लागली आणि तिच्या आवाजाला एक लय आली. दुकानांच्या काचांतून एक शेवाळी सावली आमच्याबरोबर वाहत होती. लोक वळून पाहत होते. मागे आत्या गप्प होती, आणि हे इतके अघटित होते की मी दोनदा आरशात पाहिले.

बाजारपेठेच्या तोंडाशी गाडीने दोन आचके दिले आणि ती बंद पडली.

बाबांनी बॉनेट उघडले. प्लग पाहिले, तारा पाहिल्या, कार्बुरेटरवर कान ठेवला. टाकीचा काटा अर्ध्यावर होता, म्हणजे पेट्रोलचा प्रश्न नव्हता. पंधरा-वीस मिनिटे खटपट झाल्यावर किल्ली फिरवली, तर गाडी काही घडलेच नाही अशी चालू झाली.

"काय झालं होतं?" मी विचारले.

"नाही कळलं," बाबा हळू आवाजात म्हणाले. मागे कळू नये म्हणून हळू. पण मागे आत्या होती.

"नाही कळलं म्हणे! अकरा वर्षं चिरफाड करतोय!"

दुसऱ्यांदा गाडी बंद पडली ती रेल्वेच्या पुलाच्या चढावर, मधोमध. मागे हॉर्नांची रांग लागली. अकरा वाजून पस्तीस मिनिटे झाली होती. एका मोटारसायकलवाल्याने वाकून विचारले, "आजी, धक्का देऊ का?"

"हात तर लाव! तुझ्या दातांचं माप घ्यायला माणूस सोबतच आणलाय."

तो निघून गेला. बाबांनी पुन्हा बॉनेट उघडले. या वेळी त्यांनी कार्बुरेटरची वाटी काढली. आत पेट्रोलचा थेंब नव्हता. टाकीत आहे, वाटीत नाही. त्यांनी नळीत फुंकर मारली, पंप हलवला, पुन्हा नळीत फुंकर मारली. घामाचे थेंब तापल्या लोखंडावर पडून चर्र होत होते. अखेर ते हात पुसत मागच्या खिडकीपाशी आले. इतकी वर्षे मी त्यांना आत्याशी बोलताना जमिनीकडे बघताना पाहिले होते. आज त्यांनी वर पाहिले.

"ताई, मला नाही जमत. मला कळतच नाहीये."

आत्या बोलली तेव्हा तिचा आवाज खाली आला होता, आणि तो आवाज मला ओळखीचा नव्हता.

"हे एवढंच तेव्हा म्हणाला असतास. मी दुसरा कुणी बोलावला असता. नदीच्या पुलापर्यंत गेले असते ते."

हॉर्न वाजत राहिले. बाबांच्या हातातले फडके काळे झाले होते, आणि ते तेच फडके पुन्हा पुन्हा घडी करत होते.

आत्याने तोंडात अंगठा घातला आणि कवळी काढली. *प्पक.*

बोलणे संपले होते. मी खिडकीबाहेर पाहू लागले. पण बाबा जागचे हलले नाहीत. त्यांनी मान तिरकी केली होती.

"ताई," ते म्हणाले, "ती घाल पुन्हा."

"क्काऽ?"

"घाल. आणि परत काढ."

आत्याने माझ्याकडे असे पाहिले, जणू म्हणत होती की बापाला वेड लागले आहे हे तू लिहून घे. पण तिने कवळी घातली, दाबली, आणि काढली. *प्पक.* बाबा धावतच गाडीच्या मागे गेले. मी पाठोपाठ उतरले. टाकीचे झाकण दोन्ही हातांनी धरून ते पिळत होते आणि झाकण हलत नव्हते. आतून कुणी धरून ठेवल्यासारखे. मग ते एकदम फिरले, आणि टाकीने *स्स्स्* करून एक लांबच लांब श्वास आत ओढला.

बाबा झाकणाकडे पाहत राहिले. मधोमध त्यांची ती गुलाबी, निर्दोष हिरडी चमकत होती.

"पेट्रोल जाईल तेवढी हवा आत यायला हवी," ते म्हणाले. "नाहीतर टाकी पेट्रोल ओढून धरते. टाळू कवळीला धरते तशी. ते भोक... त्यासाठी होतं."

"टाकीला श्वास लागतो," मी म्हणाले. "वहीत होतं. मी वाचलं होतं. मी खाली रेघ मारली, बाबा."

"आणि मला नाही सांगितलंस?"

"मला वाटलं, ते सुंदर आहे."

बाबांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की त्यांनी मला शिकायला घातल्याचे वर्ष ते मनात शोधत असावेत. मग ते खिडकीपाशी गेले आणि आत्याला सगळे सांगितले. भोक कुणी बुजवले, कसे बुजवले, किती वेळ घासले. काही वगळले नाही. माझी रेघसुद्धा नाही.

आत्याने शांतपणे कवळी घातली. हे ऐकून दात नसताना बोलणे तिला परवडणारे नव्हते.

"म्हणजे," ती म्हणाली, "जन्मात पहिल्यांदा घरातलं एक काम पुरं केलंस, आणि तेच नडलं."

"हो, ताई."

"अरे देवा." तिचे खांदे हलू लागले. मला वाटले ती रडते आहे. पण ती हसत होती. इतकी, की बाबांची केसाचाही फरक न पडणारी कवळी जागची हलली आणि तिला तोंडावर हात धरावा लागला.

झाकण सैल ठेवून, त्यावर बाबांचे फडके बांधून आम्ही निघालो. प्रत्येक वळणावर पेट्रोलचा वास आत येत होता. सवत एकदाही अडली नाही. आत्याच्या फाटकाशी भंगारवाल्याचा टेम्पो उभा होता, आणि तो त्याला टेकून घड्याळ पाहत होता.

"बाई, बारा वाजून चार मिनिटं."

बाबांनी गाडी थांबवली, उतरले, आणि किल्ली काढून बॉनेटवर ठेवली. "ठरलं ते ठरलं, ताई," ते म्हणाले. आवाज साधा होता. कवळी आज होणार नाही, उद्या या, असे गिऱ्हाइकाला सांगताना असतो तसा. त्यांनी बॉनेटवरून एकदा तळहात फिरवला आणि तो लगेच खिशात घातला.

आत्या मागच्या सीटवरून हलली नाही. "विदुषी, डिकी उघड. माझे डबे दे त्याला."

मी सतरा डबे फाटकाशी रचले. भंगारवाल्याने एक उचलला, वाजवला, आत डोकावला. "बाई, तुम्ही गाडीचं बोलला होतात. यात काहीच नाही."

"अकरा वर्षं भरलेले होते. घेऊन जा, म्हणजे पुन्हा ह्याच्या हाती लागणार नाहीत."

"पण हे बिस्किटांचे डबे आहेत!"

"मग? बिस्किटं पण हवीत?"

तो डबे टेम्पोत भरू लागला. बाबा किल्लीकडे पाहत उभे होते. ती उचलावी की नाही, हे त्यांना ठरवता येत नव्हते. शेवटी आत्याने काठीने खिडकीची काच ठोकली.

"उभा काय राहिलास? नदीच्या पुलापर्यंत चल."

"आधी झाकणाला भोक पाडतो. तुझ्याकडे दाभण असेल ना? तापवून घेतलं की पाच मिनिटांत..."

"नंतर."

"अगं, पण ते असं अर्धवट..."

"राहू दे," आत्या म्हणाली. "चल."

पुलावर वारा होता. बाबांनी गाडी हळू केली, मग आणखी हळू, आणि कठड्याच्या बाजूने ती जवळजवळ पावलांच्या गतीने जाऊ लागली. खाली नदी तिच्या नेहमीच्या, कुणाचीही वाट न पाहणाऱ्या चालीने जात होती. मागून *प्पक* असा आवाज आला. मी आरशात पाहिले. आत्याने कवळी रुमालात गुंडाळून मांडीवर ठेवली होती आणि ती बाहेर पाहत होती. पुलाचे दुसरे टोक येईपर्यंत बाबांनी वेग वाढवला नाही.